गांडूळ, देवगांडूळ आणि वाळा: लक्षणांवरून प्राण्यांची नाती कशी लावायची

पावसाच्या सुरुवातीला कोकणात शेणखताचा खड्डा उकरायला घेतला की तीन लांबुडके जीव हाताशी येतात. एक आपलं नेहमीचं गांडूळ. दुसरं त्याहून जाड, जांभळट-काळं, अंगावर कड्या असलेलं आणि पकडायला गेलं की ओल्या साबणासारखं सटकणारं देवगांडूळ. तिसरा सुतळीएवढा, चकचकीत, मधूनच जीभ लपलपवणारा वाळा. लहानपणी माझ्या लेखी ही तिन्ही गांडुळंच. फरक एवढाच की तिसऱ्याला बघितलं की आजी ओरडायची, "हात नको लावू हां!"

खूप वर्षांनी कळलं की देवगांडूळ बेडकाच्या घरातलं आहे, वाळा हा साप असल्यामुळे पालीच्या घरातला, आणि गांडुळाचं या दोघांशी अगदी लांबचं नातं. सारख्या दिसणाऱ्या तिघांना तीन दिशांना कुणी पाठवलं आणि कशाच्या आधारावर? ती रीत या लेखात पायरीपायरीनं करून बघू. एक कोरा कागद, पेन्सिल, खोडरबर आणि दहावीपर्यंतचं जीवशास्त्र एवढ्यावर भागतं. संगणकाला नंतर हात लावा. आधी एक तक्ता स्वतः भरला नाही, तर संगणकानं काढलेलं नात्यांचं झाड नुसतं बघत बसायची वेळ येते.

आधी कॉपी पकडायला शिका

दोन मुलांच्या पेपरात दहा बरोबर उत्तरं सारखी आली तर मास्तरांना त्यात काही वाटत नाही. दोघांनीही अभ्यास केला असेल. पण दोघांनीही राज्याभिषेकाचं साल १६७४ ऐवजी १६४७ लिहिलं असेल, तर दोघं एका बाकावर बसले होते हे सांगायला साक्षीदार लागत नाही. बरोबर उत्तर वर्गातल्या पुष्कळांकडे असतं, त्यामुळे त्यावरून कोण कुणाच्या शेजारी हे कळत नाही. वाटेत कुठेतरी झालेला बदल, जो फक्त या दोघांकडेच आहे, तो मात्र बोलतो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. तिथल्या संपादकांनी पोथ्यांची कुळं लावली ती याच धर्तीवर. कोणता पाठभेद आणि कोणते जादा श्लोक कोणकोणत्या पोथ्यांत सामाईक आहेत, हे पाहत पोथ्या उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या परंपरांत विभागल्या गेल्या.

प्राण्यांच्या बाबतीत हा विचार पद्धतशीर मांडला तो विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञांनी. ते माश्यांचे (घरात घोंघावणाऱ्या, पाण्यातल्या नव्हेत) अभ्यासक. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४५ मध्ये, इटलीत ब्रिटिशांच्या युद्धकैदेत असताना त्यांनी याचा कच्चा मसुदा लिहिला. १९५० मध्ये तो जर्मनमध्ये पुस्तकरूपानं आला, १९६६ मध्ये इंग्रजीत, आणि मग जगभर त्यावरून कडाक्याची भांडणं झाली. आज या पद्धतीला क्लॅडिस्टिक्स म्हणतात. हेनिग यांचं म्हणणं थोडक्यात असं: दोन प्राण्यांत साम्य किती आहे हे मोजू नका. त्यांच्यात सामाईक असलेलं नवं लक्षण शोधा. बेडूक आणि पाल दोघांना चार पाय आहेत, म्हणून ते जवळचे ठरत नाहीत, कारण चार पाय त्यांच्या कितीतरी आधीच्या पूर्वजाकडेही होते. ते झालं बरोबर उत्तर. आपल्याला १६४७ शोधायचं आहे.

पायरी १: मोजकेच प्राणी घ्या

पहिल्याच फटक्यात "सगळे सस्तन प्राणी" असं काही घेऊ नका. आपण चार घेऊ: देवगांडूळ, बेडूक, वाळा, पाल. प्रश्न एकच, यात कुणाची जोडी कुणाशी?

गांडूळ इथेच बाद होतं. त्याला पाठीचा कणा नाही, आणि त्याची मुख्य मज्जारज्जू पोटाच्या बाजूनं जाते. बाकी चौघांना कणा आहे आणि मज्जारज्जू पाठीकडून जाते. देवगांडुळाच्या कड्या या नुसत्या कातडीच्या वळ्या, आत मणक्यांची माळ आणि जबड्यात चांगले टोकदार दात. गांडूळ मेलं की मऊ चिंधी उरते, देवगांडूळ मेलं की सांगाडा उरतो.

पायरी २: एक बाहेरचा घ्या

लक्षण नवं की जुनं हे ठरवायला तुलनेला कुणीतरी बाहेरचा लागतो. तो चौघांचा नातेवाईक हवा, पण चौघांपैकी कुणाच्याही जास्त जवळचा नको. इथे मासा चालेल. मी मरळ घेतो, कारण ती बाजारात मिळते आणि कापून बघता येते.

बाहेरचा निवडताना नवखे लोक गांडुळाइतके लांब जातात आणि मग रकाने भरता येत नाहीत. "दातांची घडण कशी?" या प्रश्नाला गांडुळाकडे उत्तरच नाही. शेजारच्या गल्लीतला घ्या, परगावचा नको.

मरळीत जे आहे ते जुनं धरायचं. मरळीत नाही पण चौघांपैकी काहींत आहे, ते नवं. हा अंदाज आहे. मरळही तिच्या वाटेनं बदलत आलेली आहे, ती काही कुणाची पणजी नव्हे. म्हणून जाणकार लोक बाहेरचे दोन-तीन प्राणी घेतात.

पायरी ३: लक्षणं निवडा (घाई इथे नको)

सगळी कला या पायरीत आहे, म्हणून जरा थांबू.

दोन प्राण्यांतलं एखादं लक्षण "तेच" आहे असं म्हणताना ते एकाच पूर्वजाकडून आलं आहे असा तुमचा दावा असतो. त्याला समजात लक्षण म्हणतात. तो दावा तपासायला तीन प्रश्न विचारावेत. शरीरात त्याची जागा एकच आहे का? आतली घडण एक आहे का? गर्भात ते एकाच प्रकारे वाढतं का? वटवाघळाचा पंख आणि माणसाचा हात यांचं काम वेगळं, पण हाडं तीच, त्याच क्रमानं: दंडात एक, पुढे दोन, मग मनगट, मग बोटं. उलट वटवाघळाचा पंख आणि फुलपाखराचा पंख यांचं काम एक, घडण मात्र पूर्ण वेगळी. आडनावांचंही असंच असतं. पाटील हे आडनाव कामावरून पडलं, त्यामुळे गावोगाव पाटील आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेलच असं नाही.

आपली भाषा इथे हमखास पाय अडकवते. "खवले" हा शब्द घ्या. मरळीला खवले, पालीला खवले, वाळ्याला खवले. एका रकान्यात सगळ्यांना "आहे" लिहून टाकायचा मोह होतो. पण मरळ साफ करताना सुरीच्या उलट्या धारेनं जे उडतात, ते कातडीच्या आतल्या थरातून आलेले, हाडाच्या जातीचे पातळ पापुद्रे असतात, एकेक सुटा. पालीचे आणि सापाचे खवले म्हणजे वरच्याच कातडीच्या केरॅटिन चढलेल्या घड्या. केरॅटिन म्हणजे ज्याची नखं बनतात ते. त्या सुट्या निघत नाहीत, म्हणूनच सापाची कात अख्खी उतरते. आणि गंमत अशी की काही देवगांडुळांनाही खवले असतात! कातडीच्या वळ्यांच्या आत दडलेले, बारीक, आणि जातकुळीनं माशाच्या बाजूचे. तेव्हा रकान्याचं नाव "खवले" असं ठेवायचंच नाही. "अंगभर केरॅटिनचे खवले" असं लिहायचं.

दुसरा अडथळा पायांचा. मरळीला पाय नाहीत, देवगांडुळाला नाहीत, वाळ्याला नाहीत. म्हणजे पाय नसणं हे जुनं लक्षण? नाही. मरळीच्या छातीवरच्या आणि पोटाखालच्या परांच्या जोड्या आणि आपले हातपाय समजात आहेत. त्यामुळे रकाना असा करा: "जोडीचे अवयव (पर किंवा पाय) नाहीसे झालेत का?" आता मरळीचं उत्तर "नाही", देवगांडूळ आणि वाळा यांचं "हो".

आणखी एक सूचना, माझ्या स्वतःच्या फजितीतून आलेली. एकच गोष्ट दोनदा मोजू नका. ही फजिती पुढे आकड्यांनिशी दाखवतो.

पायरी ४: तक्ता भरा

जुनं असेल तिथे ०, नवं असेल तिथे १.

| लक्षण | मरळ | देवगांडूळ | बेडूक | वाळा | पाल |
|---|---|---|---|---|---|
| क. जोडीचे अवयव नाहीसे | ० | १ | ० | १ | ० |
| ख. दात दोन भागांचा, मध्ये मऊ सांधा | ० | १ | १ | ० | ० |
| ग. कातडीत चिकट आणि विषारी स्रावाच्या ग्रंथी | ० | १ | १ | ० | ० |
| घ. अंतर्कर्णात ऐकण्याचा एक जादा संवेदी ठिपका | ० | १ | १ | ० | ० |
| च. गर्भाभोवती पाणमोट | ० | ० | ० | १ | १ |
| छ. अंगभर केरॅटिनचे खवले | ० | ० | ० | १ | १ |

थोडं स्पष्टीकरण. "ख" म्हणजे दाताचं बूड वेगळं, टोपी वेगळी, आणि दोन्हींच्या मध्ये हाड न झालेला लवचीक पट्टा. बेडकाला दात असतात हेच पुष्कळांना माहीत नसतं. वरच्या जबड्यावरून बोट फिरवलं तर बारीक करवतीसारखे लागतात. "च" मधली पाणमोट ही बाळंतपणात फुटते तीच. पालीच्या अंड्यातही गर्भ पाण्याच्या पिशवीत तरंगत असतो. बेडकाच्या अंड्यात ती नसते, म्हणून त्याला अंडी पाण्यात किंवा ओलाव्यात घालावी लागतात.

माहिती नसेल तिथे सरळ प्रश्नचिन्ह टाका. समजा तुम्ही "नराला जननेंद्रियाची जोडी" असा सातवा रकाना केलात. पाल आणि साप यांचं हे खास लक्षण आहे. पण आपल्या कुंडीत सापडणाऱ्या वाळ्याच्या जातीत सगळ्या माद्याच असतात, नराविना पिढ्या चालतात. तिथे प्रश्नचिन्हच बरं. अंदाजानं भरलेला १ हा रिकाम्या रकान्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

पायरी ५: झाडं काढा आणि बदल मोजा

आता चौघांच्या जोड्या लावून वेगवेगळी झाडं काढायची आणि प्रत्येक झाडावर विचारायचं: हा तक्ता घडायला कमीत कमी किती बदल व्हावे लागले असतील? ज्या झाडावर सर्वांत कमी, ते तूर्तास आपलं. याला काटकसरीचं तत्त्व म्हणतात. एकच गोष्ट दोनदा घडली असं कारणाशिवाय मानायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पहिलं झाड: (देवगांडूळ + बेडूक) आणि (वाळा + पाल). ख, ग, घ प्रत्येकी एकदाच घडले, देवगांडूळ-बेडकाच्या सामाईक फांदीवर. झाले ३. च आणि छ एकेकदा, वाळा-पालीच्या फांदीवर. झाले ५. क मात्र दोनदा घडावं लागलं, देवगांडुळात वेगळं आणि वाळ्यात वेगळं. एकूण ७.

दुसरं झाड, माझ्या लहानपणीचं: (देवगांडूळ + वाळा) आणि (बेडूक + पाल). क एकदाच, १. बाकी पाचही लक्षणं दोन-दोनदा, म्हणजे १०. एकूण ११.

तिसरं: (देवगांडूळ + पाल) आणि (बेडूक + वाळा). सहाच्या सहा लक्षणं दोनदा, एकूण १२.

सात जिंकलं. चार प्राण्यांसाठी अशी झाडं एकूण १५ निघतात. उरलेली बारा तुम्ही काढून बघा, सातच्या खाली एकही जात नाही. पाच प्राणी घेतलेत तर १०५ झाडं, आणि दहा घेतलेत तर ३,४४,५९,४२५. म्हणून पुढे संगणक लागतो. मेस्क्विट आणि टीएनटी ही दोन सॉफ्टवेअरं फुकट मिळतात, आणि तक्ता भरायला शिकल्यावर ती अवघड जात नाहीत.

आता ती फजिती. मी पहिल्यांदा असा तक्ता केला तेव्हा उत्साहाच्या भरात आणखी पाच लक्षणं घातली: खांद्याची हाडं नाहीत, धड लांबुडकं, मणके भरमसाट, डोळे बारीक, डावं फुप्फुस खुरटलेलं. पाचही खरी आहेत, पाचही देवगांडूळ आणि वाळ्यात सामाईक आहेत. पण हिशेब बघा. पहिल्या झाडावर ही पाच दोन-दोनदा घडावी लागतात: ७ अधिक १०, म्हणजे १७. दुसऱ्या झाडावर एकेकदा: ११ अधिक ५, म्हणजे १६. झाड उलटलं! काटकसरीच्या नियमानं वाळा देवगांडुळाचा सख्खा भाऊ झाला.

चूक गणितात नव्हती. अरुंद बिळात घुसायचं तर अंग बारीक आणि लांब हवं. अंग लांबलं की मणके वाढतात, खांदे अडतात म्हणून जातात, दोन फुप्फुसं शेजारी मावत नाहीत म्हणून एक मागे पडतं, आणि अंधारात डोळ्यांचं काम उरत नाही. ही पाच लक्षणं म्हणजे एकाच माणसानं पाच वेगवेगळ्या सह्या करून दिलेली पाच मतं. संशोधकांनाही बिळात राहणारे सरपटणारे प्राणी अजून छळतात ते याच कारणानं.

यावर उपाय काय? पहिला, एकाच राहणीतून आलेली लक्षणं एकत्र बांधून त्यांना एकच रकाना द्या. दुसरा, राहणीशी संबंध नसलेल्या, बाहेरून न दिसणाऱ्या बारीकसारीक गोष्टींना किंमत द्या. दाताच्या मधल्या सांध्याचा बिळात शिरण्याशी काय संबंध? म्हणूनच तो साक्षीदार म्हणून चांगला. तिसरा, हरवलेल्या गोष्टींवर फार विसंबू नका. डोळे, पाय, दात, पंख गमावणं उत्क्रांतीत पुन्हा पुन्हा होतं. गुंतागुंतीची नवी गोष्ट दोनदा तशीच्या तशी घडणं दुर्मीळ.

पाय दोनदा गेले याला बाहेरचा पुरावाही आहे. अजगराच्या गुदद्वाराजवळ दोन्ही बाजूंना नखासारखे काटे असतात, ते त्याच्या मागच्या पायांचे अवशेष. आणि अमेरिकेत ॲरिझोनात ज्युरासिक काळातल्या खडकांत इओसिसिलिया नावाचं देवगांडुळांचं पूर्वीचं भावंडं सापडलं. १९९३ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्याला बारकेसे चार पाय होते.

पायरी ६: झाड वाचायला शिका

लोक इथे सर्वांत जास्त घसरतात. फांद्यांची टोकं कोणत्या क्रमानं आली याला अर्थ नाही. कुठल्याही फाट्यावर फांदी गर्रकन फिरवा, पाल डावीकडे जाईल, बेडूक उजवीकडे, नातं तेच राहील. नातं बघायचं ते फाट्यांवरून: दोघांचा शेवटचा सामाईक फाटा जितका अलीकडचा, तितके ते जवळचे. चुलत भाऊ आजोबांपाशी मिळतात, चुलत-चुलत पणजोबांपाशी, तसंच.

घरच्या वंशावळीत आणि या झाडात एक फरक लक्षात ठेवा. वंशावळीत फाट्यावर पणजोबांचं नाव असतं. इथे फाटे बिननावाचे. टोकावरचा कुठलाही जीव दुसऱ्या टोकावरच्या जिवाचा पूर्वज नसतो. पाल बेडकापासून झाली नाही, आणि माणूस आजच्या चिंपांझीपासून झाला नाही.

आणि गट करताना पूर्ण फांदी तोडा: एक पूर्वज आणि त्याची सगळी पिलावळ. काहींना घेतलं, काहींना वगळलं, तर तो गट सोयीचा असेल पण नात्याचा नाही. पाठ्यपुस्तकातला "सरीसृप" वर्ग असाच आहे. का, ते शेवटच्या गृहपाठात कळेल.

पायरी ७: डीएनए

अक्षरं चार, तत्त्व तेच. एकाच जनुकाची वेगवेगळ्या प्राण्यांतली प्रत एकाखाली एक लावायची, प्रत्येक अक्षराचा एक रकाना, आणि कुठलं अक्षर कुठे बदललं ते बघायचं. जेनबँक या डीएनएच्या सार्वजनिक साठ्यातून अशी कोट्यवधी अनुक्रमणं (अक्षरांच्या माळा) कुणालाही मोफत उतरवता येतात.

पण अक्षरं चारच असल्यानं तोच बदल योगायोगानं दोनदा होणं इथे सोपं. झपाट्यानं बदललेल्या दोन फांद्या नुसत्या योगायोगांच्या जोरावर एकमेकींना चिकटू शकतात, हे जोसेफ फेल्सेनस्टाइन या संशोधकांनी १९७८ मध्ये गणितानं दाखवलं. म्हणून डीएनएसाठी नुसती काटकसर न वापरता बदलांच्या शक्यता मोजणाऱ्या पद्धती वापरतात. त्या इथे सांगत बसत नाही.

दोन नावं, दोन निकाल

रीत हातात आली की जुनी नावं तपासायला मजा येते.

देवमासा आधी घ्या. नावात मासा, पण तो सस्तन आहे हे शाळेतच कळतं. पुढचा प्रश्न: सस्तनांत कुणाच्या घरचा? खाटकाकडून बोकडाच्या मागच्या पायाचा घोटा मागून आणा आणि शिजवून साफ करा. त्यात एक लहान, हातात मावेलसं हाड मिळेल, वरच्या आणि खालच्या दोन्ही टोकांना कप्पीसारखी खोबण असलेलं. अशी दुहेरी कप्पी म्हणजे गाय, डुक्कर, हरीण, उंट या समखुरी प्राण्यांची सही. आजच्या देवमाशाला मागचे पायच नाहीत, मग घोटा कुठून बघणार? २००१ मध्ये पाकिस्तानातल्या खडकांतून मिळालेल्या, पाय असलेल्या आद्य देवमाशांचे घोटे दोन वेगवेगळ्या संशोधक गटांनी प्रसिद्ध केले. दुहेरी कप्पी होती.

जपानमध्ये नोरिहिरो ओकाडा यांच्या गटानं त्याआधीच, १९९० च्या दशकात, दुसऱ्या बाजूनं तेच गाठलं होतं. डीएनएत काही तुकडे स्वतःची नक्कल करून दुसरीकडे घुसतात. त्याच जागी तोच तुकडा दोनदा स्वतंत्रपणे घुसणं जवळपास अशक्य, म्हणून हे १६४७ पेक्षाही पक्कं. असे काही तुकडे फक्त देवमासा आणि पाणघोड्यातच सामाईक निघाले. म्हणजे आज जिवंत असलेल्यांत देवमाशाचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा.

या कथेतला एक दुवा आपल्या देशातला आहे. भूवैज्ञानिक ए. रंगाराव यांनी जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागातून जीवाश्मांचे दगड गोळा करून ठेवले होते. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीनं ते हान्स थेविसन या संशोधकांना दिले. त्यातली एक कवटी साफ करताना कानाचं हाड चुकून मोडलं, आणि आतली कडा जाड दिसली. कानाच्या हाडाची अशी जाड कडा तोवर फक्त देवमाशांतच माहीत होती. हा प्राणी इंडोहायस, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, चार पायांचा. थेविसन, सुनील बाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तो देवमाशांचा जवळचा भाऊबंद म्हणून मांडला.

आता खवले मांजर. जुन्या वर्गीकरणात त्याला दक्षिण अमेरिकेतल्या मुंगीखाऊ, स्लॉथ आणि आर्माडिलोच्या टोपलीत टाकलं होतं, कारण दात नाहीत, जीभ लांब आणि चिकट, नखं दणकट. ओळखीचं वाटतंय ना? ही सगळी लक्षणं म्हणजे मुंग्या-वाळवी खाण्याचं एकच हत्यारांचं पुडकं, माझ्या त्या पाच रकान्यांसारखं. डीएनएनं ती टोपली मोडली. खवले मांजराचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग म्हणजे मांसाहारी गण: कुत्री, अस्वलं, मुंगसं आणि हो, मांजरं. कवटीच्या आत मोठ्या आणि लहान मेंदूच्या मध्ये हाडाचा पडदा असणं हे लक्षणही त्याच बाजूनं बोलतं. ज्या कुणी गावकऱ्यानं हे नाव ठेवलं त्यानं कवटी फोडून बघितली नसणार, पण निशाणा त्या टोपलीवाल्यांपेक्षा बरा लागला. आणि त्याचे खवले? केरॅटिनचेच, पण पालीशी काही संबंध नाही. खवले या एका शब्दात आता तीन वेगळ्या गोष्टी झाल्या.

(एक सूचना: नमुन्यांच्या नादात जंगली प्राणी, त्यांची हाडं, खवले घरी आणू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली तो गुन्हा ठरू शकतो. बोकड, कोंबडी, मरळ यांच्यावर पुष्कळ शिकता येतं, बाकी संग्रहालयात बघावं. देवगांडूळ सापडलं तर फोटो काढून परत मातीनं झाकावं. उन्हात ठेवलं तर त्याची कातडी सुकते आणि ते मरतं.)

गृहपाठ

प्राणी: मगर, सरडा, कोंबडी. बाहेरचा: बेडूक. नुसतं बघून कुणीही मगर आणि सरड्याची जोडी लावेल: दोघांना खवले, दोघं थंड रक्ताचे, दोघं चार पायांवर सरपटणारे. ही लक्षणं एकेक करून तपासा, त्यातलं कुठलं खरोखर नवं आहे ते. मग हे रकाने घाला: हृदयाचे कप्पे पूर्ण चार, पोटात दगड-खडे ठेवून अन्न दळणारी जाड स्नायूंची पिशवी (कोंबडी साफ करताना निघते ती पाथरी), खालच्या जबड्याच्या हाडात एक खिडकी. तिन्ही रकाने मगर आणि कोंबडीत भरतील, सरड्यात रिकामे राहतील. झाड काढलंत की "सरीसृप" या शब्दावर पेन्सिल फिरवावीशी वाटेल, कारण मगर त्यात आणि कोंबडी बाहेर असं करायला फांदी मधूनच तोडावी लागते.

चार कप्प्यांचं हृदय माणसालाही आहे. तक्त्यात माणूस घालून पुन्हा मोजा, आणि तो रकाना किती वेळा बदलतो ते लिहून ठेवा.

हे जमलं की शेवटी कासव घाला. त्याच्या कवटीत डोळ्यामागे कानशिलाजवळच्या खिडक्या नाहीत. सरडा, मगर आणि पक्षी यांच्या घराण्यात मुळात तिथे दोन-दोन खिडक्या होत्या. निव्वळ कवटी पाहून कासवाला दीर्घकाळ या सगळ्यांच्या बाहेर ठेवलं गेलं. डीएनए मात्र त्याला मगर-पक्ष्यांच्या शेजारी आणून बसवतो, म्हणजे खिडक्या होत्या आणि नंतर बुजल्या. त्या रकान्यात ० लिहायचं की १, हे ठरवायला मला एक अख्खी दुपार लागली होती. पेन्सिलीनंच लिहा.